बहिणीकडे, मयेला

विमानतळावरच्या फॉर्मवर पत्ता लिहायचा होता,
बहिणीचा लिहिला. मुक्काम: नऊ दिवस.
येण्याचं कारण:
इथं मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो,
मागचा माणूस खाकरला.

पहिल्याच पहाटे साडेपाचला पों पों वाजलं.
मला वाटलं कुणाची तरी गाडी रिव्हर्समध्ये येतेय, माणूस चिरडणार.
धावत बाहेर आलो, मागं दार ओढलं गेलं,
लॅच बसला.
तो पोदेर होता. सायकल, टोपलीवर निळं प्लॅस्टिक.
किती देऊ, म्हणाला.
खिसा नव्हता, लुंगी होती,
तीही दाजींची, गाठ कच्ची.
एका हातात लुंगी, दुसऱ्यात उधारीचे सहा उंडे,
घर जागं होईपर्यंत मी अंगणात
आणि फातर्पेकरांचा कुत्रा माझ्याकडं
इमिग्रेशनवाल्याच्या नजरेनं बघत.

मग पोट बिघडलं.
शालनच्या जावेला, प्रेमावतीवहिनींना, म्हणालो,
आज मला नुसतं वाढा.
त्यांनी तीन बांगडे वाढले.
नाही हो वहिनी, नुसतं! नुसतं!
चौथा वाढला,
आणि आत जाऊन कौतुकानं म्हणाल्या,
"सोयऱ्याक नुस्तें खूब आवडटा."

लीड्समध्ये तीस-बत्तीस वर्षं मी
दुसऱ्यांच्या भाषेत चुकत आलो,
तिथं सवय आहे, तेच आधी सॉरी म्हणतात.
आपल्या भाषेच्या इतक्या जवळ येऊन
ठेच लागली की कळत नाही
कुणाकडं बघून हसायचं.

चारी बांगडे खाल्ले. ती रात्र सांगत नाही.

फ्रीजमधल्या पाण्याच्या बाटलीत हुर्राक होता.
प्रेशरची गोळी मी त्याच्याबरोबर गिळली.
दाजी म्हणाले, काही नाही,
प्रेशर खाली येईल, नाहीतर तुम्ही वर जाल.

आणि पाचव्या दिवशी बादली.
मीच म्हणालो होतो, पंप नको, मी शेंदतो,
तासगावला शेंदायचो की रोज.
दोर हातातून सुटला तो आवाज
शेवटी पाण्यावर आपटेपर्यंत
शालन काही बोलली नाही.
मग म्हणाली, नवीच होती.

दाजींनी माळ्यावरून चार आकड्यांचा गळ काढला.
आजूबाजूचे जमले, प्रत्येकाचं वेगळं मत,
डावीकडं, राव मरे, आता ओढ.
पहिल्यांदा वर आली एक चप्पल.
मग कुणाच्या तरी मुलाची पिचकारी.
मग काहीतरी जड,
शेवाळानं हिरवंगार, पोटात चिखल भरलेलं.

शालननं चिंच लावून घासलं.
तांब्या. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं
एकेक करून वर आली:
चि. सौ. कां. शालन हिस
बंधू हणमंत याजकडून.
वैशाख, एक्क्याण्णव.

त्या वैशाखात मी आलोच नव्हतो.
नोकरी नवी, रजा नाही, तिकिटाला पैसे नाहीत,
तिन्ही कारणं खरी होती,
तिनं एकही विचारलं नव्हतं.
बाबा तासगावच्या पेठेत तांबटासमोर बसून
माझं नाव घालून घेत असतील,
पैसे मोजून, पावती न घेता.

कधी पडला हा?
दुसऱ्याच वर्षी, ती म्हणाली.
मला कधी सांगितलं नाहीस.
तुला कशाला कळवू?
तू कुठं दिला होतास.

असं म्हणून तिनं तो पालथा घातला, निथळायला,
आणि पोहे खाणार का, विचारलं.
मी म्हणालो, चालतील,
नुसते नकोत एवढंच.
तेव्हा ती हसली, बत्तीस वर्षांपूर्वीसारखी,
तोंडावर पदर धरून, नाकातून.

जाताना तांब्या बॅगेत घाल म्हणाली.
वजन जास्त होईल, मी म्हणालो.
होईल की, म्हणाली, आणि घातला नाही.

बादली अजून आत आहे.